निम्म्या खुर्च्या मिळाल्या, कामे मात्र छाननीत गळाली: एका प्रभागाच्या अर्थसंकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

साठेक हजार वस्तीच्या एका शहरात पालिकेने आपल्या भांडवली खर्चाचा, म्हणजे रस्ते-इमारती अशा बांधकामांवरच्या खर्चाचा, दहावा हिस्सा पाच प्रभागांच्या हवाली केला होता. कामे रहिवाशांनी सुचवायची, अभियंत्यांनी तपासायची आणि शेवटी रहिवाशांनीच मत देऊन ठरवायची, अशी पद्धत होती. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ साली लोकसहभागी अर्थसंकल्प सुरू केला. तेव्हापासून जगभर ही पद्धत पसरली, त्यातलाच हा एक साधा प्रकार. या शहराने एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून ठरावात घालून ठेवली होती: प्रभाग समितीत ६ स्त्रिया आणि ६ पुरुष असलेच पाहिजेत.

पुढे वर्णन केलेला प्रभाग या पाचांपैकी एक. ओळख पटू नये म्हणून ठिकाण गाळले आहे आणि आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत. रकमेऐवजी प्रभागाचा वर्षाचा निधी १०० भाग धरला आहे.

पहिल्या वर्षी समिती भरली, सभांना स्त्रियांची हजेरी निम्म्याला टेकली, आणि अहवालात 'समान सहभाग साध्य' असे वाक्यही पडले. मतदानानंतर पाच कामे मंजूर झाली: चौकातले वाहनतळ, क्रीडांगणावरचे प्रकाशझोत, सामुदायिक सभागृहाचा पाया, एका अंतर्गत रस्त्याचे डांबरीकरण आणि बसथांब्याजवळचे सार्वजनिक स्वच्छतागृह. यातले एकटे स्वच्छतागृह स्त्रियांच्या सूचनेतून आले होते. ते वेळेत बांधून झाले आणि उद्घाटनानंतर कुलूप लावून बंद राहिले. सफाई कामगाराच्या पगाराची आणि पाण्याच्या बिलाची तरतूद अर्थसंकल्पाच्या कुठल्याच शीर्षात नव्हती.

अडचण नेमकी कुठे होती

बंद स्वच्छतागृहावरून समितीत वाद झाला तेव्हा पहिले स्पष्टीकरण ठरलेलेच होते: बायका सभेत बोलत नाहीत. सभेचे चित्रीकरण उपलब्ध होते, म्हणून ते मोजून पाहिले. ९६ मिनिटांच्या सभेत स्त्रिया १७ मिनिटे बोलल्या होत्या. म्हणजे तक्रारीत तथ्य होते. पण तेवढ्यावर थांबले असते तर उपाय म्हणून भाषणकलेचे प्रशिक्षण ठेवले गेले असते आणि पुढच्या वर्षीही हेच घडले असते.

समितीच्या सचिवाने वेगळा रस्ता धरला. पहिल्या वर्षी आलेल्या प्रत्येक सूचनेला क्रमांक देऊन ती कुठपर्यंत पोहोचली याचा तक्ता केला. सूचनेला चार दरवाजे ओलांडावे लागत: नोंद, छाननी, अंदाजपत्रक, मतदान. नोंदीला ६४ सूचना होत्या, ३१ स्त्रियांच्या आणि ३३ पुरुषांच्या. छाननीनंतर उरल्या २१, त्यात स्त्रियांच्या फक्त ५. अंदाजपत्रकापर्यंत पोहोचल्या १२, त्यात स्त्रियांच्या ३. मतदान होण्याआधीच निकाल लागलेला होता.

स्त्रियांच्या छाननीत गळालेल्या २६ सूचनांपुढे अभियंता कार्यालयाने लिहिलेली कारणे अशी होती: ११ सूचनांपुढे 'भांडवली काम नाही', ८ पुढे 'किमान रकमेपेक्षा कमी', ५ पुढे 'जागा अस्पष्ट', २ पुढे 'हद्दीबाहेर'. पुरुषांच्या गळालेल्या सूचनांची कारणे निराळी होती. बहुतेक निधीपेक्षा मोठ्या किंवा दुसऱ्या खात्याच्या अखत्यारीतल्या.

या कारणांत कुणाचा खोडसाळपणा नव्हता. तिन्ही नियम कागदावर स्त्री-पुरुष दोघांना सारखेच लागू होते. निधी भांडवली असल्याने त्यातून पगार, वीजबिल, साफसफाई भागवता येत नाही, हा लेखा नियम. निधीच्या २ भागांपेक्षा लहान काम घ्यायचे नाही, कारण प्रत्येक निविदेला तेवढीच कागदपत्रे लागतात, ही प्रशासकीय सोय. जागा भूमापन क्रमांकासह नकाशावर दाखवायची, ही तांत्रिक अट. पण आरोग्य केंद्राकडे जाताना पदपथ तुटतो, तिथे उतार करा. थांब्यावरचा दिवा महिनाभर बंद असतो, तो लवकर दुरुस्त करा. पाळणाघर संध्याकाळी तासभर जास्त चालू ठेवा, अशा सूचना नेमक्या याच तीन जाळ्यांत अडकतात. मुले, म्हातारी माणसे, पाणी, औषधे यांची धावपळ ज्याच्या वाट्याला, त्याची मागणी लहान, विखुरलेली आणि रोजच्या चालवण्याच्या खर्चाची असते. ही धावपळ या प्रभागात बहुतेक स्त्रियांच्या वाट्याला होती. जे थोडे पुरुष ती करत होते त्यांच्याही सूचना तिथेच गळाल्या होत्या, हे तक्त्यात स्पष्ट दिसत होते.

आणखी एक गोष्ट नंतर उघड झाली. सभेची सूचनापत्रे मालमत्ता कराच्या नोंदवहीवरून पाठवली जात. घर ज्याच्या नावावर त्याला पत्र. बहुतेक घरे पुरुषांच्या नावावर होती आणि भाडेकरूंना तर पत्र जातच नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला प्रस्ताव आला राखीव हिश्श्याचा: १०० पैकी ठरावीक भाग फक्त स्त्रियांनी सुचवलेल्या कामांसाठी. यामागे केरळचे उदाहरण होते. तिथे १९९६ साली लोकनियोजन मोहीम सुरू झाल्यावर स्थानिक संस्थांच्या योजना निधीतला किमान १० टक्के वाटा महिला घटक योजनेसाठी ठेवण्याची पद्धत आली. फायदा उघड आहे: पैसा हमखास मिळतो. धोका असा की उरलेला निधी 'आपला' आहे असे बाकीचे समजू लागतात, आणि हिशेबात कुठलेही सर्वसाधारण काम स्त्रियांच्या खात्यावर चढवता येते. या प्रभागात तर राखीव हिस्सा ठेवूनही भांडवली अट तशीच राहिली असती. म्हणजे आणखी एक इमारत आणि आणखी एक कुलूप.

दुसरा पर्याय आधी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याचा. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेण्याची तरतूद आहेच. हा पर्याय स्वस्त आणि उपयोगी, फक्त वेगळ्या सभेतले मुद्दे मोठ्या सभेत कोण मांडणार आणि ते बंधनकारक आहेत का, हे आधी लिहून ठेवले नाही तर ते तिथेच विरतात.

तिसरा पर्याय समितीचे अध्यक्षपद आलटून पालटून स्त्रीकडे देण्याचा. याला चांगला आधार होता. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींची तुलना केली होती. जिथे सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव होते तिथे पैसा स्त्रियांनी मांडलेल्या गरजांकडे जास्त वळला. त्याच अभ्यासातली एक बारीक गोष्ट समितीला जास्त उपयोगी पडली: पिण्याचे पाणी दोन्हीकडे स्त्रियांच्या यादीत वर होते, पण रस्ते पश्चिम बंगालमध्ये स्त्रियांना हवे होते आणि राजस्थानात नव्हते. 'रस्ता पुरुषांचा, पाणी बायकांचे' अशी वाटणी घरबसल्या करून चालत नाही. त्या त्या ठिकाणी विचारावेच लागते.

चौथा पर्याय, छाननीचे नियमच बदलणे. हा सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत जास्त विरोध झालेला. लेखाधिकाऱ्यांचे म्हणणे होते की एका वर्षाच्या निधीतून कायमचा खर्च मागे लावून घेणे हे कुठल्याही पालिकेला बुडवायला पुरेसे आहे. त्यांचे चुकत नव्हते.

पाचवा पर्याय होता, वर्षअखेरीस एक अहवाल काढून कोणत्या खर्चाचा स्त्री-पुरुषांवर काय परिणाम झाला ते दाखवणे. ऑस्ट्रेलियाने १९८४ पासून देशपातळीवर असे केले होते. प्रभागापुरता हा उद्योग मोठा होता आणि पैसे खर्च झाल्यानंतरचा होता. तो बाजूला ठेवला.

अखेर दुसरा, तिसरा आणि चौथा असा मेळ घातला गेला. राखीव हिश्श्याचा प्रस्ताव समितीत ७ विरुद्ध ५ मतांनी पडला. विरोधात मत देणाऱ्यांत ३ स्त्रिया होत्या.

काय केले

निमंत्रणापासून सुरुवात झाली. पत्रे मतदार यादीवरून, प्रत्येक प्रौढाच्या नावे निघाली. एका घरात चार पत्रे गेल्याने टपालखर्च वाढला आणि त्यावर टीकाही झाली. भाडेकरूंसाठी पाळणाघर, आरोग्य केंद्र आणि बसथांबा इथे फलक लावले.

सभेच्या दोन वेळा ठेवल्या: कामाच्या दिवशी सकाळी उशिरा आणि दुसऱ्या दिवशी रात्री जेवणानंतर. दोन्हींत विषयपत्रिका तीच आणि दोन्हींची इतिवृत्ते एकत्र. सकाळच्या सभेला पुरुष जेमतेम होते, रात्रीच्या सभेला स्त्रिया कमी. समिती घाबरली, पण दोन्ही सभांच्या सूचनांना सारखेच वजन असल्याने हे फारसे बिघडले नाही. मुलांसाठी सोय केली होती ती मात्र पहिल्या खेपेला रिकामी राहिली. ती शेजारच्या इमारतीत होती आणि आयांना मूल नजरेआड ठेवायचे नव्हते. पुढच्या सभेत त्याच दालनाचा एक कोपरा अडवून दोन सांभाळणाऱ्या बसवल्या, तेव्हा ती भरली.

सभेत पहिली ४० मिनिटे लहान गटांत जात. गट स्त्री-पुरुष असे वेगळे, आणि त्यातही ज्येष्ठ, तरुण व भाडेकरू असे फोडलेले. प्रत्येक गटाने पाचच सूचना कागदावर लिहून भिंतीला लावायच्या. मग खुली चर्चा: बोलण्याची मर्यादा दोन मिनिटे, एकदा स्त्री एकदा पुरुष, आणि दुसऱ्यांदा बोलायचे तर आधी न बोललेल्यांची पाळी संपल्यावरच. वेळ मोजायला घड्याळ समोर ठेवलेले. पुरुषांचा गट वेगळा बसवण्याचा फायदा कुणाच्या ध्यानात आला नव्हता: रात्रपाळी करणाऱ्या एका बापाने, सार्वजनिक स्वच्छतागृहात बाळाचे कपडे बदलायची जागा फक्त बायकांच्या बाजूला आहे, ही तक्रार मांडली. मिश्र सभेत तो ती बोलला असता असे वाटत नाही.

'जागा अस्पष्ट' या शेऱ्यावर उपाय म्हणून पायी पाहणी ठेवली. दिवे लागायच्या सुमारास कनिष्ठ अभियंता, समितीचे चार सदस्य आणि सूचना करणारे मिळून वस्ती ते आरोग्य केंद्र हा दीड किलोमीटरचा रस्ता चालले. सोबत एक बाबागाडी आणि एक चाकाची खुर्ची. पदपथ जिथे तुटतो तिथे खडूने खूण, कडेची उंची पट्टीने मोजलेली, बंद दिव्याच्या खांबाचा क्रमांक वहीत. वीस सेंटिमीटर उंचीच्या कडेवर भरलेली बाबागाडी एकट्याने चढवता येत नाही, हे अभियंत्याने स्वतः करून पाहिले. पाहणीनंतर नोंदींना भूमापन क्रमांक जोडायचे काम कार्यालयाचे ठरले, रहिवाशाचे नव्हे. एका वाक्याच्या या बदलाने 'जागा अस्पष्ट' हा शेरा संपला.

किमान रकमेची अट रद्द झाली नाही, तिला बगल दिली. उतार करणे, दिवे बदलणे, बाक बसवणे, झाकणे नीट करणे अशी १४ लहान कामे एकत्र करून एकच निविदा काढली. प्रत्येक कामाला स्वतंत्र मोजमाप आणि स्वतंत्र पूर्णत्वाची सही, पण ठेकेदार एक. यात एक सावधगिरी लागते: सगळी कामे एकाच देयकात बसवली तर ठेकेदार सोपी दहा आधी उरकतो आणि अवघड चार लोंबकळत ठेवतो. म्हणून निम्मी रक्कम शेवटचे काम झाल्यावरच द्यायची अट घातली.

छाननीच्या टेबलावर अभियंत्यासोबत एक स्त्री आणि एक पुरुष रहिवासी बसू लागले. त्यांना नाकारण्याचा अधिकार नव्हता. पण प्रत्येक नकार कारणासह लिहायचा, आणि 'कसे केले तर बसेल' हा रकाना रिकामा ठेवायचा नाही, असे बंधन आले.

खरी रस्सीखेच चालवण्याच्या खर्चावरून झाली. तडजोड अशी निघाली: प्रत्येक अंदाजपत्रकात तीन वर्षांच्या देखभालीचा रकाना भरायचा आणि तो खर्च कुठले खाते उचलणार हे लेखाधिकाऱ्याच्या सहीने मतदानाआधी ठरायचे. सही नसलेले काम मतपत्रिकेवर यायचे नाही. त्यासाठी पालिकेने महसुली, म्हणजे रोजच्या चालू खर्चाच्या, अर्थसंकल्पात तीन वर्षांपुरते एक छोटे शीर्ष उघडले. भांडवली निधीला हात लागला नाही, त्यामुळे लेखा नियमही मोडला नाही. हे करताना सभागृहाच्या वरच्या मजल्याचा प्रस्ताव आपोआप मागे पडला, कारण त्याचा वीज आणि पहारेकऱ्याचा खर्च उचलायला कुणी तयार नव्हते.

मतदान हात वर करून होत असे, ते चिठ्ठीवर आणले. एकेका घरातले हात एकाच दिशेने वर जातात हे मागच्या चित्रीकरणात दिसत होते. स्त्री-पुरुषांची मते वेगळी मोजता यावीत म्हणून दोन रंगांच्या चिठ्ठ्या वापरल्या. एका केंद्रावर अवघ्या सहा स्त्रियांनी मतदान केले, तेव्हा रंगामुळे त्यांची मते ओळखू येण्याची शक्यता होती. ती पेटी दुसऱ्या पेटीत मिसळून मगच मोजली.

निष्पत्ती

दुसऱ्या वर्षी ७१ सूचना आल्या, स्त्रियांच्या ३८. छाननी ओलांडली ४४ सूचनांनी, त्यात २४ स्त्रियांच्या. मंजूर झालेली सात कामे आणि त्यांचे वाटे असे: आरोग्य केंद्राकडचा सलग पदपथ ३८, लहान कामांची एकत्रित निविदा १६, क्रीडांगणाच्या वापरात नसलेल्या अर्ध्या भागाची आखणी १४, उघड्या नाल्याचे झाकण ११, बसथांब्यावरचे दिवे ९, अंतर्गत रस्ता ८, आणि स्वच्छतागृहात दोन्ही बाजूंना बाळासाठी जागा ४. रंगीत चिठ्ठ्यांनी एक गैरसमज दूर केला: पदपथाला पुरुषांचीही भरघोस मते होती. कुणी कधी त्यांना विचारलेच नव्हते.

क्रीडांगणाचे काम दोन्ही गटांतून आले. त्याची आखणी करताना व्हिएन्नाचा दाखला घेतला. तिथे साधारण दहा वर्षांनंतर मुली बागांतून दिसेनाशा होतात, असे १९९० च्या दशकात आढळले, आणि १९९९ मध्ये मार्गारेटन भागातल्या दोन बागा नव्याने आखल्या गेल्या. चेंडू खेळण्याचे एकच बंदिस्त मैदान ठेवण्याऐवजी जागा विभागली, इतर खेळांना वाव दिला. इथेही एका मोठ्या मैदानाचे तीन तुकडे केले आणि कुंपणाला दुसरे दार दिले.

सगळे काही जमले नाही. पदपथाचा ३०० मीटरचा तुकडा अपुरा राहिला, कारण मधले चार विजेचे खांब हलवण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरलाच नव्हता. तो वीज कंपनीकडून वेगळा मागवावा लागतो आणि त्याला महिने लागतात. पदपथासाठी २२ गाड्यांची जागा जाणार म्हणून दुकानदारांनी मोर्चा आणला. एका बाजूची जागा राखून त्यावर तोड निघाली, पण त्यात पदपथाची रुंदी काही ठिकाणी दोन मीटरवरून दीडवर आली. स्वच्छतागृह उघडले आणि दिवसभर चालू राहिले. रात्री आठनंतर मात्र बंद, म्हणजे रात्रपाळीच्या लोकांना ते निरुपयोगीच.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णायक क्षण तक्ता करण्याचा. तो पहिल्या वर्षाच्या मध्यावरच केला असता तर त्या वर्षीची कामे वाचली असती. सूचनेच्या अर्जावर क्रमांक, सुचवणाऱ्याचे लिंग आणि वयोगट हे तीन रकाने छापायला काही लागत नाही. नंतर चित्रीकरण आणि हस्ताक्षरांवरून ते जुळवायला मात्र सचिवाला बरेच दिवस बसावे लागले.

दुसरा, वीजखांबांचा. पायी पाहणीला वीज आणि पाणीपुरवठ्याची माणसे बोलावली नव्हती. रस्त्याच्या कडेला जे काही गाडलेले किंवा उभे असते ते बहुधा दुसऱ्या खात्याचे असते. पदपथाचे काम घेणाऱ्या प्रत्येक समितीने खांब, झाकणे आणि वाहिन्यांची यादी अंदाजपत्रकाआधी मागवावी.

तिसरा मुद्दा दुकानदारांचा. त्यांना पहिल्या सभेपासून गटात बसवायला हवे होते. स्वीडनमधल्या कार्लस्कूगा गावाने बर्फ हटवताना मोठ्या रस्त्यांआधी पदपथ आणि पाळणाघरांचा परिसर घेतला. क्रम बदलला, खर्च वाढला नाही, म्हणून हे उदाहरण सगळीकडे दिले जाते. पण २०१६ च्या नोव्हेंबरात स्टॉकहोममध्ये विक्रमी बर्फ पडले आणि शहर अडकले, तेव्हा तिथल्या अशाच धोरणावर खापर फोडले गेले. क्रम बदलला की कुणाची तरी गैरसोय आधी होते; तिची तजवीज ठरवताना झाली तर वाद सभेत होतो, नाहीतर रस्त्यावर.

चौथा मुद्दा अजून उघडाच आहे. देखभालीचे शीर्ष तीन वर्षांपुरते आहे. तिसऱ्या वर्षाच्या अर्थसंकल्पात ते चालू ठेवायचे तर स्वच्छतागृहाचा दररोजचा वापर, दुरुस्तीचे दिवस आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या नोंदी लेखाधिकाऱ्यांपुढे ठेवाव्या लागतील. सध्या सफाई कामगाराच्या वहीत फक्त उघडण्या-बंद करण्याच्या वेळा आहेत. वापराचा रकाना त्यात येत्या तिमाहीपासून घालावा, असे समितीने ठरवले आहे. वही कुणी तपासायची हे त्या ठरावात लिहिलेले नाही.